दहा इंचांवर

सजा.
शारजाच्या पाठीमागच्या या औद्योगिक वस्तीचं नाव ऐकून
आई फोनवर बराच वेळ बोलली नाही.
मी म्हटलं, अगं, नावच तसं आहे,
गुन्हा काही केलेला नाही.

गुरुवारी रात्री सुहैल अल-कअबी आला.
पॅट्रोलचं हेड मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावलेलं,
हातात दुबईतल्या दुकानाचा चकचकीत कागद:
तीनशे एक सीएफएम.
आमच्या बेंचवर तेच हेड, तोच पोर्ट,
व्हॉल्व्ह तेवढाच, बारा मिलिमीटर उघडा:
एकशे ऐंशी.
त्यानं मोबाइलवर वजाबाकी केली.
"एकशे एकवीस कुठे गेले?
तुम्ही खाल्ले?"

मी पोर्टच्या तोंडाला मातीची गोलाई पुन्हा दिली,
कानवल्याच्या कडेवरून अंगठा फिरवतात तशी.
धारदार कडेवर हवा ठेचकाळते
आणि दोष हेडला लागतो.
व्हॉल्व्ह मिटवून गळती मोजली: तीन.
ती आधीच वजा होती.
ठरावीक भोकाची चकती लावून बेंचही तपासला,
व्हॅक्यूम क्लीनरच्या चार मोटारीच त्या,
ऑगस्टात माझ्यासारख्याच दमतात.

राहिली पाण्याची नळी.
या वाळूत वारा मोजायला पाणी लागतं,
पाण्याला रंग लागतो, नाहीतर ते दिसत नाही.
एका रमजानात मुकादमानं नळीत विम्टो ओतला होता.
दापोलीचा माणूस, थट्टेला तयारच.
मी म्हटलं, शहाबुद्दीनभाई, साखरेनं पाणी जड होतं,
इंच खोटा पडतो.
तेव्हापासून निळी शाई.

सुहैलला म्हटलं, कागदाच्या तळाशी बघ,
मुंगीएवढ्या अक्षरात: अठ्ठावीस इंच.
त्यांच्या मोटारी पाणी तेवढं उचलतात.
आमच्या दहाच.
अठ्ठावीस भागिले दहा, त्याचं वर्गमूळ,
गुणिले एकशे ऐंशी.
बटणं त्यानंच दाबली.
तीनशे एक, आणि पुढे बारीकसारीक.
तो स्क्रीनकडे बघत राहिला,
हरवलेली चप्पल स्वतःच्याच पायात सापडावी तसा.

करक चहा आला, तेव्हा त्यानं दुसरं हेड काढलं.
थोरल्या भावाचं. त्याच्यावर कागद नाही, फक्त तेल.
तीच रात्र, तोच बेंच, तीच गरम हवा,
दोनपासून बारापर्यंत पायरी पायरीनं.
शेवटी भावाचं आठ सीएफएमनं मागे.
सुहैल हसला.
मी म्हटलं, थांब, चारवर बघ. सहावर बघ.
तिथं भावाचं पुढे, चांगलंच पुढे,
कुणीतरी सीटचे कोन जीव लावून कापलेत.
बाराला व्हॉल्व्ह एकदाच पोचतो, सुहैल.
चारवरून दोनदा जातो,
उघडताना आणि मिटताना.

मधेच शिरोलीहून मेव्हण्याचा फोन.
फाउंड्रीत आहे, सुपरवायझर.
आता किती पडतात हातात? त्याचं नेहमीचं.
मी आकडा सांगतो, तो रुपयांत गुणतो,
लगेच आवाजात थोडं वजन येतं.
इंच कुणी विचारत नाही.
मीही सांगत नाही. रोमिंगला पैसे पडतात.

मोटारी शेवटच्या एकदा लावल्या.
त्याच्या हेडमध्ये दहा मिलिमीटरनंतर सूर फाटतो,
घरघर येते,
आकडा मात्र वर चढतच असतो.
मुकादम पुढच्या गाडीखालून ओरडला, ऐकलंस?
सुहैलनं ऐकलं.
डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं.

जाताना दोन्ही हेडं मागच्या सीटवर ठेवली,
सीटबेल्ट मात्र भावाच्याला लावला.
दार लावता लावता म्हणाला,
त्याला सांगू नकोस.