लाल म्हणजे किती लाल

त्या पोस्टरवरचा समुद्र मी रंगवला होता.
लाल. टोमॅटोसारखा नाही, जरा काळपट,
कलेजीच्या रंगाचा,
कारण बघताच धसका बसला पाहिजे
असं कचेरीतून बजावलं होतं.
वर कवटी, खाली तीन ओळी,
तिसरीत सॅक्सिटॉक्सिन हा शब्द
आणि एक आकडा, दशांशचिन्हासकट.

चिलोएच्या आतल्या अंगाला
आठवड्यातून दोनदा बोट लागते अशा एका बेटावर
ते धक्क्याच्या खांबाला ठोकलं.
मार्च महिना. ओहोटी लांबवर गेलेली.
बाया कमरेत वाकून तिसऱ्या उकरत होत्या.
त्यांनी मान वर करून पोस्टर पाहिलं,
मग पाणी पाहिलं,
मग पुन्हा वाकल्या.

पाणी निळं होतं.
ते नेहमी लाल होतंच असं नाही
हे मला माहीत होतं. पोस्टरला नव्हतं.

रेडिओवर मी म्हणाले होते,
सूक्ष्म शैवालाला बहर आला आहे.
शास्त्रात असंच म्हणतात.
एदेल्मिरा नावेल्किन नंतर म्हणाली,
आम्हाला वाटलं, चांगली बातमी आहे.

त्या रात्री बेलार्मिनो वेन्तेओनं
लसूण घातला, वरून लिंबू पिळलं,
पातेल्यात आईचा चांदीचा चमचा सोडला.
चमचा काळा पडला नाही.
म्हणून जेवला. दोनदा वाढून घेतलं.
आधी ओठांना मुंग्या आल्या.
मग बोटांना.
वाइन चढली, म्हणाला, आणि हसायला गेला
तर हसू ओठांपर्यंत येईना.
पहाटे आरमाराच्या बोटीतून नेला.
दोन दिवस श्वास यंत्राचा होता.

शाळेत सभा बोलावली.
सतरा माणसं आली आणि एक कुत्रं.
पहिल्या बाकावर तोच, बेलार्मिनो,
मांडीवर माझं पोस्टर, चार घड्या घातलेलं.

फळ्यावर आलेख काढला होता, तो मी पुसला.
एदेल्मिराची काळी शाल मागून घेतली,
टेबलावर पसरली,
तिच्यावर मिठाचा कण ठेवला. एकच.
मूठभर मांसात एवढं, म्हटलं,
एवढ्यावर आम्ही किनारा बंद करतो.
कढ आणून जात नाही. लिंबानं जात नाही.

ती वाकली, ओहोटीत वाकते तशी.
कुठाय?
आहे.
मला दिसत नाही.
आता काहीतरी बोलायला हवं होतं, मी बोलले नाही.
मागून कुणीतरी शिंकलं
आणि होता तो कणही गेला.
सगळे शालीकडे बघत राहिले.
सभा संपेपर्यंत खिडकीतून गार वारा येत होता,
पण शाल पांघरायला एदेल्मिरा धजेना.

कधी संपेल, एकानं विचारलं.
माहीत नाही.
दर मंगळवारी तपासणार, असेल तसं सांगणार.
आणि तोवर खायचं काय?
हा प्रश्न माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.
मी तो वहीत उतरवून घेतला,
तेवढंच केलं, आणि ते पुरेसं नाही
हे त्यांना कळलं, मलाही.

मग बेलार्मिनोनं पोस्टर उलगडलं.
बाई, म्हणाला, समुद्र निळा होता.
आवाज चढवला नाही.
नवीन काढशील तेव्हा
आज दिसतोय तसाच काढ.

खिडकीबाहेर गलबतं स्थिर होती,
पाण्यावर ऊन, उथळात तळाचे दगडसुद्धा मोजता यावेत,
आणि एक सीगल, कशाचीच घाई नसलेला.

निळा रंग तीनदा चुकला.
चौथ्यांदा जमला तेव्हा रात्र उलटली होती.
इतका देखणा समुद्र मी आजवर काढला नव्हता.
कवटी नाही, आकडा नाही.
खाली दोन शब्द: याच पाण्यात.

खिळे बेलार्मिनोनं ठोकले.
हात अजून जड आहे म्हणतो,
एक खिळा वाकडा गेला,
तो तसाच राहू दिला.