दाखल क्रमांक ४४१७

उदगीरचं आमचं वाचनालय, 'ब' वर्ग.
पंखा फिरतो तो
अनुदान तपासणीला कुणी आलं तरच.
त्या दुपारी फिरत नव्हता.
प्रतीक्षा घोणसीकर, अकरावी कला,
काउंटरवर वही आपटून म्हणाली,
"सर, मला दोन्हीकडचं लागतंय.
तळ्याचं पाणी उसाला द्यावं का नाही.
बाजू चिठ्ठीवर हाय, ऐन वेळेला निघल ती."

'द्यावं'चा ढीग पाच मिनिटांत लागला:
कारखान्याचे सात वार्षिक अहवाल,
रौप्यमहोत्सवी स्मरणिका, गुळगुळीत कागदाची,
अध्यक्षांचे एकोणीस फोटो,
त्यातल्या दोनांत ऊसही आहे.
शेतीमासिकांचे बांधीव अंक,
बेण्यावर, ठिबकवर, एकरी उताऱ्यावर.
सगळ्यांवर शिक्के माझ्याच हातचे.
'देऊ नये'ला दोन कात्रणं निघाली.
एकाच्या पाठीवर निधनवार्ता होती,
म्हणून कुणीतरी जपलेलं.

तिनं दोन्ही शेजारी ठेवले.
एक तिच्या कोपराएवढा,
दुसरा पेल्याखाली ठेवावा इतका.
"एवढंच?"
"लोकांनी फार लिहिलंच नाही," मी म्हणालो.
किती सहज म्हणालो.

मग ती कार्डांच्या खणाकडे वळली.
कार्डं आता कुणी चाळत नाही,
म्हणून ते कार्ड काढायचं राहून गेलं होतं.
"चव्वेचाळीसशे सतरा. सर, हे?"
मी नोंदवही उघडून तिच्यापुढे फिरवली.
शेवटच्या रकान्यात, निळ्या शाईत,
माझं वळणदार अक्षर:
गहाळ.

गहाळ झालं नव्हतं.
चौसष्ट पानी, पिवळ्या वेष्टणाचं,
कालव्यांवर नोकरी संपलेल्या एका माणसानं
पदरचे पैसे घालून छापलेलं.
उसाच्या एका कांड्याला पाणी किती,
एका घराला किती,
मार्चमध्ये तळ्यात उरतं किती.
आमच्या विश्वस्तांनी ते पाहिलं.
ते कारखान्याचेही संचालक.
रागावले नाहीत. चहा सांगितला.
"मांडणीत तेवढं बरं दिसत नाही," म्हणाले.
बंदीबिंदी कुणी घातली नाही.
शब्द मीच शोधला.
चांगला शब्द आहे, त्याला कर्ता लागत नाही.

पाच वर्षं ते माझ्या घरी,
शिलाई मशीनच्या खणात.
दुसऱ्या दिवशी तिला दिलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून, नोंद न करता.
"कुठं सापडलं?"
"कपाटामागं."
तिनं मागचं पान उलटलं.
"मग हे पोलक्याचं माप कुणाचं, सर?"

चिठ्ठी निघाली: द्यावं.
मंचावर विश्वस्त, परीक्षक, हारतुरे.
ती उठली आणि
खोडून काढण्यासाठी म्हणून
पिवळं पुस्तक वाचायला लागली.
पान एकतीस. मार्चमधलं तळं.
सगळे आकडे, सावकाश.
"समोरच्याचं म्हणणं आधी धड सांगावं,
मग तोडावं," म्हणाली.
मग तोडलं. ठिबकनं तोडलं, उताऱ्यानं तोडलं,
खरं सांगतो, चांगलं तोडलं.
पण मागच्या रांगेत एक म्हातारा
शेजाऱ्याकडं पेन मागत होता,
आणि आकडे पुन्हा एकदा विचारत होता.

टाळ्या पडल्या.
सगळ्यात जोरात विश्वस्तांच्या.
दुसऱ्या क्रमांकाची ढाल
त्यांनीच तिच्या हातात दिली.

सोमवारी, वर्तमानपत्रं वाचणारे सगळे बसलेले असताना,
तिनं पुस्तक काउंटरवर ठेवलं.
कागदात गुंडाळलेलं नव्हतं.
"नोंद करा, सर."

नोंदवहीत खोडायचं नसतं.
लाल रेघ मारायची, बाजूला सही.
रेघ मारली.
शेऱ्यात काय लिहावं सुचेना.
पेन तसंच धरून बसलो,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग लिहिलं: उपलब्ध.

सात नंबरच्या कपाटात,
स्मरणिकेला लागून ठेवायला गेलो
तर जागाच नव्हती.
एकोणीस फोटो
थोडे सरकवावे लागले.