खडू मोडून घे

कुरखेड्याला पहिल्याच तासाला
माझा खडू फळ्यावर किंचाळला
आणि अख्खा बी.ए. भाग एक हसला.
शेवटच्या बाकावर नन्नावरे मॅडम.
मला वाटलं, तपासायला बसल्यात.
तास सुटल्यावर इतकंच म्हणाल्या,
"खडू मोडून घेत जा, बाबू.
अख्खा खडू ओरडते."

मी तासिकेवरचा.
मोजून पैसे, तेही दिवाळी उलटल्यावर कधीतरी.
त्यांनी कधी विचारलं नाही.
फक्त डब्यातल्या भाताशेजारी
लाखोरीची भाजी वाढत गेली,
"मले डॉक्टरनं कमी खायले सांगतलं."

सेटच्या अर्जाची शेवटची तारीख
त्यांच्याच कॅलेंडरवर, लाल गोलात,
दुधाच्या हिशेबाला खेटून.
प्राचार्यांकडे जाऊन काय बोलल्या, कोण जाणे,
मंगळवारचा माझा पहिला तास
एसटीच्या वेळेवर सरकला.

परवा त्याच स्टाफरूमच्या दारात थबकल्या.
नवा अभ्यासक्रम, नवा प्रोजेक्टर,
मुठीत पेनड्राइव्ह, घामेजलेला.
"उद्या माज्या तासाले मागं बसशील?
भेव वाटते रे."
एकोणतीस वर्षं शिकवलेली बाई.

मी बसलो.
खिडकीबाहेर बांध्यांत रोवणी चालू होती.
तिसऱ्या चित्राला वीज गेली.
वर्ग खुसखुसू लागला, त्या फळ्याकडे वळल्या,
फळ्याखाली खडू नव्हता.

माझ्या खिशातला मी पुढच्या बाकावर दिला,
तिथून पुढे, हातोहात.
त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा
कुणीतरी तो मोडलेला होता.