खांद्यापाशी

लोक पात्याविषयीच विचारतात.
पोलाद कुठलं, पाणी कशात पाजलं,
गोठलेल्या घोड्याचं मांस सोलेल का, हाड सोसेल का.
मुठीविषयी कोणी चकार शब्द काढत नाही,
ती हातातल्या हातात निखळेपर्यंत.

मग व्हिलुय नदी गोठली की येतात माझ्या दाराशी,
चिंध्यांत गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन,
बुटांवरचं हिम झाडत,
आणि सगळ्यांचं म्हणणं एकच:
"नुसता मासा कापत होतो गं, कुन्नेई."

मी हसत नाही. दिवा जवळ ओढते.
तुटलेल्या तोंडाला खोटं बोलता येत नाही.
ही सुरी पहार म्हणून राबलीय,
तळ्यातली बर्फाची लादी उचकटायला.
हिच्या पाठीवर ओंडक्याने ठोकलंय,
एकदा नव्हे, सबंध हिवाळाभर, सरपण फोडताना.
ही मूठ तर तुटलीच नाही, वाळली,
चुलीवरच्या फळीवर विसरली होती कोणीतरी,
लाकूड आक्रसलं, पाचर सैल झाली,
आता हलवली की आत खुळखुळते, दुधाच्या दातासारखी.
आणि ही दुकानातली, काळ्या रबराची, ऐटबाज,
आत शेपूट जेमतेम माझ्या अंगठ्याएवढं.
उणे बावन्नला रबर काचेसारखं तडकलं.
तिला मी काय करणार?

बाबा शिकवताना फार बोलायचे नाहीत.
शेपूट पात्याला मिळतं त्या खांद्यापाशी
गोल कानस फिरवायला लावायचे, पुन्हा, पुन्हा,
माझी बोटं बधिर होईपर्यंत.
"काटकोन दिसायला देखणा.
पण भेग तिथूनच शिरते,
उंदीर भिंतीच्या कोपऱ्यातून शिरतो तशी."
मी नऊ वर्षांची होते.
मला वाटायचं, आत लाकडात झाकलं जाणार ते,
कोण बघणार आहे?

परवा केस्किल आला, वरच्या गावचा.
बर्फाखाली जाळं अडकलं होतं,
कापायला गेला आणि पातं गेलं तळाला;
चुंबक सोडून काढलं म्हणे पोरांनी.
मूठ त्याच्या हातमोज्यातच राहिली होती.
भूर्जाची गाठ, तेल पिऊन पिऊन
जुन्या मधाच्या रंगाची झालेली,
आणि पात्यावर, गंजाखाली, बाबांची खूण:
तीन टिंबं, एक तिरकी रेघ.

मी छिन्नीने मूठ उभी चिरली.
खांदा बघितला.
काटकोन.

पुन्हा बघितला. दिवा बदलून बघितला.

तुटीचं तोंड अर्ध्याहून जास्त काळं होतं,
जुन्या गंजाचं, कितीतरी वर्षांचं,
आणि उरलेला काठ लख्ख,
मिठाच्या खड्यासारखा, परवाचा.
म्हणजे ती भेग आत होती.
केस्किलच्या बापाने तीच सुरी कमरेला लावून लग्न केलं,
अस्वलाचं कातडं सोललं,
पोराला पहिला भाला तासून दिला,
आणि भेग आत होती.

मी टिंबांखालचं साल घासून काढलं.
आई त्या हिवाळ्यात याकुत्स्कच्या इस्पितळात होती.
बाबांनी महिन्यात चाळीस सुऱ्या केल्या,
विमानाच्या तिकिटापुरत्या.
रात्री भात्याचा आवाज थांबायचा नाही,
आणि मला आठवतंय,
कानस मात्र खुंटीवर होती,
माझ्या हाताला येईना इतकी उंच टांगलेली.

आई परत आली. वसंतात, बारीक होऊन.

उरलेल्या एकोणचाळीस कुठे असतील कोण जाणे,
कुणाच्या कमरेला, कुणाच्या बर्फावर.

केस्किल टोपी हातात घेऊन उभाच होता.
"कुणाची चूक?" म्हणाला. "माझीच ना? मी जोर लावला."
या घरात आजवर कोणाचं खोटं मी चालवून घेतलं नव्हतं.
मी तुकडे फडक्यात बांधले.
म्हटलं, "नुसतं जाळं कापत होतास.
थंडीच तशी होती."

नवं शेपूट जोडायला चार दिवस लागतील.
तोवर माझी घेऊन जा.
आणि ओंडक्याने ठोकू नकोस तिला,
ती गोल खांद्याची आहे,
पण तरी.