वीण

वळणावरच जाळी चपटली.
दोन्ही टोकं उमललेली,
मधे कंबर आवळलेली.
पडद्यावर भागरथाबाईच्या मेंदूच्या काळ्या फांद्या,
एकीला लागून फुगवटा,
चारोळीएवढा.

काल वॉर्डाच्या पायरीवर, पलीकडे तुरीचं शेत,
डोमाजीला तसलीच जाळी दाखवली होती.
पवनीचा बुरूड. नखावर ठेवून पाहिली त्यानं.
"वीण चांगली हाये. पण काडी अडली
त जोर नाई कराचा, डॉक्टर.
पाणी माराचं, न् थांबाचं."

थांबलो.
शिशाच्या अंगरख्यात पाठ भिजली.
मग मांडीतून फुगा वर नेला,
आवळल्या जागी
हलकेच फुगवला. चार, पाच, सहा…
सिस्टर आकडे मोजत होती, श्वास न घेता.
सोडला. पुन्हा.
दुसऱ्या खेपेला तारा भिंतीला टेकल्या,
रंग सरळ वाहून गेला,
फुगवट्यात जरासा रेंगाळला.

बाहेर डोमाजी बांबूची कांब सोलत बसलेला.
"उघडली?"
"उघडली."
तो सोलतच राहिला. मग म्हणाला,
"घरी तिची एक टोपली पडून हाये,
कड बांधाची रायली.
हात चालन ना तिचा?"

सकाळी शुद्धीवर आली की
तिला मूठ मिटायला सांगीन.
मग उघडायला.