नव्वद मिलिलिटर

नियम असा की नजर काढायची नाही.
शर्यत संपल्यापासून बाटली सील होईपर्यंत
ती माझ्या डोळ्यांसमोर हवी,
आणि तिचे हात, कोपरापासून बोटांपर्यंत, उघडे.

म्हणून तोरणमाळच्या विश्रामगृहातल्या या संडासात
आम्ही दोघी:
गेंदी पावरा, क्रमांक एकेचाळीस,
आणि मी, शहाद्याच्या लॅबमधली,
एरवी साखर आणि हिमोग्लोबिन बघणारी,
आज एका दिवसाची पहारेकरी.
बाराशे रुपये, जेवण वेगळं.

लघवी येत नाही.
येणार कुठून? होतं नव्हतं ते पाणी
तिनं घाटाच्या वळणांवर सांडून दिलंय.
तिसरी बाटली पितेय. सील मीच तपासलं.
जर्सीवर मिठाच्या रेघा,
पपईच्या पानांवर फवारणीनंतर राहतात तशा.

मागच्या साली हाच घाट तिला बावन्न मिनिटं लागला.
या साली त्रेचाळीस.
यशवंत तलावाशी, चहाच्या टपरीवर,
जीपवाला बोटं मोजून दाखवत होता:
"नऊ मिन्टं! काहीतरी टोचेल शे."
मघाशी टाळ्या पिटणारे तेच लोक
पोह्यांवर शेव घालून घेत माना डोलवत होते.

मीही मोजली होती. मनात.

नळ बारीक सोडते. तान्ह्या पोराला करतात तसं
"शूऽऽ" म्हणावं की काय, वाटून हसू येतं.
ती हसत नाही.
"ताई, तिकडं बघा ना."
नाही बघता येत, बाई.

आणि बघायचंच म्हटल्यावर दिसतं:
डाव्या कोपराच्या खोबणीत
मोहरीएवढा जांभळा ठिपका.

माझीच सुई असेल.
धडगावच्या शिबिरात सिकलसेलसाठी रक्त घेतलं होतं,
दोनशे पोरींची रांग,
हिची शीर सापडेना, दोनदा टोचलं,
हिनं हूं की चूं केलं नाही.
पिवळं कार्ड निघालं. म्हणजे आजार नाही,
आजार फक्त रक्तात वस्तीला.
फार दमायचं नाही, डॉक्टर म्हणाले,
तेव्हा ही खिडकीतून डोंगर बघत होती.

माझीच सुई.
पण शिबिर दिवाळीआधीचं.
आता संक्रांत होऊन गेली.
सुईची खूण आठवडाभरात जाते
हे मला जीपवाल्यापेक्षा,
बाहेर हीटरशी बसलेल्या पुण्याच्या साहेबांपेक्षा
जास्त माहीत आहे.
बाभळीचा काटा असेल. ब्रेकची तार असेल.
अशक्तपणावर सलाईन लावतात गावोगाव, दोनशे रुपयांत,
त्यातलं एखादं असेल.
तेही नियमात बसत नाही,
पण हे तिला कोणी सांगितलं होतं?

येते शेवटी.
आधी चाळीस. पुरत नाही. अर्धवट नमुना, वेगळं सील.
परत पाणी, परत नळ.
बाहेर अंधार, बक्षीस समारंभ,
भोंगा तिला दोनदा गौरी म्हणतो.
सव्वासातला नव्वद.
भर थंडीत पेल्यातून वाफ निघते.
मला हात लावायची परवानगी नाही.
ती स्वतःच ओतते, ए बाटलीत, मग बी बाटलीत,
थेंब बाहेर नाही.
झाकण फिरवते, कट् कट् कट्,
ते एकाच दिशेनं फिरतं.

फॉर्मवर शेवटचा रकाना: इतर निरीक्षणे.
ती जॅकेट चढवते. थंडी आहे, कुणीही चढवेल.
मी तारीख लिहिली. वेळ लिहिली.
त्या रकान्यात काय लिहिलं
ते इथं सांगणार नाही.

परत येताना ती मागच्या सीटवर,
कपाळ काचेला, तोंड उघडं, झोपलेली.
जीपवाला आरशातून बघत होता.
"काय निंघनं?"
तीन आठवड्यांनी कळेल, म्हटलं.
पुढच्या वळणावर त्यानं दुसरा गिअर टाकला.
उतार होता, तरी गाडी कण्हली.
मग खालच्या फाट्यापर्यंत
तो काही बोलला नाही.