चार थेंब

मेस्तियाचा घाट बर्फानं बंद.
बेका सात आठवड्यांचा. दोन दिवस
अंग भाजतंय, छातीशी धरलं की तोंड फिरवतो.
"दात येत असतील," शेजारीण म्हणाली.
सातव्या आठवड्यात?

लामारा नर्सनं काखांत हात घालून त्याला अधांतरी धरलं.
खाली मुश्नी, निर्जंतुक कप घेऊन, गुडघ्यांवर.
असा तो चर्चमध्येही कधी टेकला नव्हता.
बायको ओटीपोटावर बोटांनी टकटक करतेय,
कमरेवर अंगठे फिरवतेय.
वीस मिनिटं.
मग चार थेंब. गढूळ.

जंतू तोवर रक्तात पोचले होते.

वाचला.
आता दर वाढदिवसाला केकच्या आधी रक्तदाब.
उजव्या मूत्रपिंडावर मसुराएवढा वण;
मूत्रपिंड वाढतंय,
तेवढी जागा सोडून.

कप मुश्नीनं टाकला नाही.
त्यात खिळे ठेवतो.